रिकाम्या फाइलची गोष्ट

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना मरे हिल हे गाव परके नाही. तिथल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. १९७१ साली ज्या पीडीपी-११ संगणकावर युनिक्स चालत असे, त्याची सारी मेमरी होती २४ किलोबाइट! त्यातले १६ खुद्द युनिक्सला, उरलेल्या ८ मध्ये बाकीचा संसार. म्हणून आज्ञा टाइप करून चालवायची तिथली अवजारे इवलीशी असत. एक फाइल दाखवणार, दुसरे शब्द मोजणार, तिसरे ओळी क्रमाने लावणार.

त्या घराण्यातले सर्वांत साधे अवजार म्हणजे 'ट्रू'. कोणीही केव्हाही विचारले, तरी "काम फत्ते" एवढेच त्याने सांगायचे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही चक्क रिकामी फाइल होती. शून्य बाइट. रिकाम्या फाइलीत चुकण्यासारखे काही नसते, त्यामुळे उत्तर नेहमी बरोबरच येई. पुढे एटी अँड टीने तीत कॉपीराइटच्या ओळी घातल्या (काहीच नसण्यावरही मालकी हक्क!). ग्नू प्रकल्पाच्या 'ट्रू'मध्ये मदतीचा मजकूर आला, आवृत्ती सांगण्याची सोय आली. आज अनेक लिनक्स संगणकांवर ती फाइल २५ ते ४० किलोबाइटची असते, म्हणजे त्या अख्ख्या पीडीपी-११ मध्ये मावली नसती. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! गंमत अशी की, तो मदतीचा मजकूर भरलेल्या डिस्कवर लिहायला सांगितला, तर 'ट्रू' अपयश कळवते.

मेमरी आता स्वस्त आहे, तेव्हा जागेचे दुःख मला फारसे नाही. दुःख आहे ते उसनवारीचे. ओपनएसएसएच हे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचे अवजार. फाइली आवळणाऱ्या 'एक्सझेड'शी त्याचा काही संबंध नव्हता. पण "मी सुरू झालो" एवढा निरोप 'सिस्टमडी'ला देता यावा म्हणून काही लिनक्स वितरणांनी त्याला एक लायब्ररी जोडली, आणि तिचे बोट धरून एक्सझेडची लायब्ररीही घरात आली. एक्सझेड सांभाळणारा जवळजवळ एकटा, थकलेला. दोनेक वर्षे मदत करून ज्याने त्याचा विश्वास मिळवला, त्यानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये तीत चोरदरवाजा बसवला. जगातले असंख्य सर्व्हर त्याला उघडे पडले असते.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसले. त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण उघड केले. चोरदरवाजाच्या आवृत्त्या तोवर मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत शिरल्या नव्हत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचने तो निरोप पाठवणाऱ्या थोड्याशा ओळी स्वतःच लिहिल्या. त्यासाठी लायब्ररी लागली नाही.