एका माशाची अनेक नावे

इब्रामपूर हे पेडणे महालातील सरहद्दीचे गाव. पलीकडे सावंतवाडीचा जुना मुलूख, आणि अलीकडच्या प्रदेशातून शापोरा नदी कोलवाळ व शिवोलीवरून उतरत खाडीवाटे समुद्रास मिळते. 1788 साली हा महाल भोसल्यांच्या अमलातून पोर्तुगीज सरकारकडे गेला आणि त्याबरोबर गावोगावच्या नोंदींनाही नवा धनी मिळाला. नेमक्या त्याच सुमारास हजारो कोस दूर बर्लिन शहरात मार्कुस एलीझर ब्लॉख नावाचा एक वैद्य वेगळ्याच प्रकारचे दप्तर उभारीत होता. व्यापारी, दर्यावर्दी आणि तरंगमबाडीचे मिशनरी यांच्याकडून मद्यार्कात बुडवून आलेले परदेशी मासे तो तपाशी, त्यांची रंगीत चित्रे काढवी आणि प्रत्येकास नाव देई. आपल्या खाड्यांतून मिळणाऱ्या चोणकास आज जगभर जे शास्त्रीय नाव आहे ते त्यानेच 1790 साली प्रसिद्ध केले, आणि पुढल्याच वर्षी अटलांटिकच्या प्रवाळांत राहणाऱ्या, निळ्या मस्तकाच्या एका वीतभर माशाचेही वर्णन केले. या दोन माशांना जोडणारा एक धागा होता, पण तो मृत नमुन्यात दिसण्यासारखा नव्हता: चोणक जन्मास नर म्हणून येतो आणि वाढत्या वयात मादी होतो, निळ्या मस्तकाच्या माशाचे मात्र याच्या उलट, त्याच्या अनेक माद्या कालांतराने नर होतात.

हा दुसरा मासा ज्या लॅब्रिडी कुळातला, ज्याला मत्स्यालयांचे शौकीन ‘रॅस’ या नावाने ओळखतात, त्या कुळाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कित्येकांचे बालरूप, मादीरूप आणि पुढचे नररूप इतके भिन्न असते की तीन अवस्था शेजारी ठेवल्या तर कोणीही तीन निराळ्या माशांची साक्ष देईल. प्राणिशास्त्राच्या दप्तरात नेमके तेच घडले. माहेरच्या गावी एका नावाने आणि सासरच्या गावी दुसऱ्या नावाने नोंदलेली लेक शिरगणतीत दोन माणसे म्हणून मोजली जावी, तशी एकेका माशाची गणना दोनदा व तीनदा झाली. युरोपच्या किनाऱ्यावरील एका रॅसचा निळा नर आणि पाठीवर काळे ठिपके असलेली तांबूस मादी यांना दीर्घकाळ स्वतंत्र जाती मानले गेले. चोचीसारखे लांब तोंड असलेल्या रॅसची तपकिरी मादी लासेपेदने 1801 साली एका नावाने नोंदली, हिरवा-निळा नर क्वा व गेमार यांनी 1824 साली दुसऱ्या नावाने नोंदला. आणि ती दोन्ही एकाच जातीची आहेत हे स्ट्रासबर्ग व हायट यांनी दाखवून देईपर्यंत 1957 साल उजाडले. सव्वाशेहून अधिक वर्षे विद्वानांच्या ग्रंथांत ते दांपत्य विभक्त राहिले.

याचा दोष त्या विद्वानांच्या बुद्धीस देणे मला न्याय्य वाटत नाही. जो मासा त्यांच्या मेजावर येई त्याचे रंग मद्यार्काने आधीच हिरावून घेतलेले असत, आणि त्याचे पूर्ववृत्त सांगणारा साक्षीदार बहुधा कोणी नसे. म्हणून त्यांनी जे टिकते त्यावर भिस्त ठेवली: पाठीच्या परातील काटे किती, पार्श्वरेषेवर खवले किती, दाढा व सुळे कसे. ही मोजणी आजही निरुपयोगी झालेली नाही. रॅसच्या हॅलिकीरिस वंशातील बहुतेक जातींत पाठीच्या परावर नऊ काटे असतात, आणि मादीचा नर झाला तरी ते नऊच राहतात. रंग बदलतो, सांगाडा बदलत नाही. जात ठरवायची तर काटे व खवले मोजावेत, अवस्था ठरवायची तर रंगाकडे पाहावे, आणि लिंगाविषयी अखेरचा निर्णय जननग्रंथी पाहिल्यावाचून देऊ नये, असा क्रम शेवटी अनुभवाने रूढ झाला. कारण निळ्या मस्तकाच्या माशातच काही लहान नर असे निघतात की ते मादीच्या पिवळ्या वेषातच वावरतात आणि त्याच वेषात वंशवृद्धीही करतात.

दुहेरी नावांचा हा घोळ आपल्याकडच्या समुद्रातही झाला. हिंदी महासागराच्या मत्स्यशास्त्रात झां-झाक द्युस्युमिये या फ्रेंच व्यापाऱ्याचे ऋण मोठे आहे. मुंबई आणि मलबारच्या किनाऱ्यावरून त्याने पॅरिसला पाठवलेल्या माशांवर क्यूव्हिये व व्हालान्सिएन यांच्या माशांवरील बृहत्‌ग्रंथाचा मोठा भाग उभा आहे. 1839 साली व्हालान्सिएनने द्युस्युमियेच्या नावे जो एक रॅस नोंदला, तो 1801 सालीच ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथात दुसऱ्या नावाने येऊन गेलेला होता, असे पुढे ठरले. त्याच 1839 साली व्हालान्सिएनने आणखी एक मासा नोंदला: अंगावर काळा पट्टा असलेला, मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा ‘सफाईकार’ रॅस. त्याचे हुबेहूब सोंग घेणारा एक दुसऱ्याच कुळातला मासा जवळ येऊन गिऱ्हाइकाच्या परांचा लचका तोडतो. या तोतयाचे तोंड मुस्कटाच्या टोकाशी नसून खाली असते, एवढ्या खुणेवर तो ओळखावा लागतो.

या सफाईकाराचे खरे चरित्र कळले ते बरणीतून नव्हे, पाण्यात उतरून. डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर त्याचे कबिले दिवसेंदिवस पाहिले आणि 1972 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका नराभोवती काही माद्या, आणि त्या माद्यांत वडीलकीची स्पष्ट उतरंड. नर नाहीसा झाला की सर्वांत थोरली मादी काही तासांतच त्याची जागा घेऊन त्याच्यासारखी वागू लागते, आणि 14 ते 18 दिवसांत ती प्रत्यक्ष नर झालेली असते. नर जिवंत असताना त्याचा धाक तिचे रूपांतर रोखून धरतो. येथे लिंग हा देहाइतकाच समाजातील पदाचाही भाग ठरतो, आणि माझ्या मते प्राणिशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासात याहून विलक्षण शोध फार थोडे आहेत.

चोणकाची कथा उलगडली ती याच काळात. मूर यांनी न्यू गिनीच्या किनाऱ्यावरील अभ्यासातून 1979 साली दाखविले की तो आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने भरल्यावर, मादी होतो. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्याच्या मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 साली या माशाची पिल्ले भारतात प्रथम उबवणीगृहात तयार केली, त्यालाही हे ज्ञान आधारभूत होते. नर व मादी म्हणून निवडायचे मासे वेगवेगळ्या वयाचे असावे लागतात हे ठाऊक नसते तर तेथील हौदांत केवळ नरच जमले असते.

खाडीच्या माशावर उपजीविका करणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या प्रदेशास या इतिहासाशी निकटचे कर्तव्य आहे. म्हापशाच्या बाजारात मोठ्या चोणकाच्या तुकडीला लहानापेक्षा अधिक मान, आणि मोठा चोणक म्हणजे बहुधा मादी, पोटात गाबोळी बाळगण्याच्या वयाची. प्रवाळावरच्या रॅसमध्ये हेच उलट होते: मत्स्यालयासाठी जो सर्वांत झळाळता मासा पकडला जातो तो बहुधा नर असतो, आणि त्याच्या जागी थोरल्या मादीस उभे राहावे लागते. जाळे दोन्हीकडे थोराड मासाच उचलते. पण खाडीतून मादी जाते आणि प्रवाळावरून नर जातो, हा भेद ज्या नोंदवहीत केवळ वजन लिहिले जाते तिच्यात उतरत नाही.