सायकलच्या तुंब्यातील सूर्यमाला

मुंबई-आग्रा हमरस्त्यावरील पिंपळगाव बसवंत येथून चांदवडच्या डोंगरांकडे सायकलीने निघालेल्या मनुष्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. सपाटीवर फुलासारखी वाटणारी सायकल चढ लागला, किंवा समोरून वारा सुटला, की पायांस शिक्षा वाटू लागते. मागे कांद्याची गोणी अथवा दुधाच्या किटल्या बांधलेला मनुष्य अशा वेळी खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलीत चालू लागतो. हे दृश्य आपल्या तीन-चार पिढ्यांनी इतके पाहिले की, त्यात काही उणे आहे असे कोणास वाटलेच नाही. वस्तुतः ह्या दुखण्यावरचा उपाय, ज्या इंग्रजी सायकलीवरून आपली सायकल बेतली, तिच्या मागच्या चाकात विसाव्या शतकाच्या आरंभापासून बसविता येत होता. आपण सांगाडा घेतला, हँडल घेतले, घंटाही घेतली. तो उपाय मात्र घेतला नाही.

मराठी मुलखाशी सायकलीचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने 1888 साली बेळगावास जो व्यवसाय आरंभिला तो सायकलींचा. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ह्या मागाहूनच्या गोष्टी. त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल कॉव्हेंट्रीस तयार होऊन तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती. रोव्हरच्या आधीच्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकास जोडलेले असे. वेग हवा असेल तर चाक मोठे करावे, आणि चाकाची मर्यादा म्हणजे स्वाराच्या तंगडीची लांबी! रोव्हरच्या साखळीने ही अडचण दूर केली. समजा, पुढच्या चक्रास 44 दाते, मागच्यास 18 आणि चाक 28 इंचांचे. तर ती सायकल 68 इंच व्यासाच्या चाकाप्रमाणे पळते. इंग्रज स्वार आपल्या सायकलीचा वेग अजूनही ह्याच नसलेल्या चाकाच्या इंचांत मोजतात. पण हे प्रमाण एकदा ठरले की ठरले. चढासाठी निराळे प्रमाण हवे, तर ते आणावयाचे कोठून?

पुढची हकीकत थोडी गमतीची आहे. सॅलफर्ड येथील विल्यम रायली नामक कारागिराने 1896 च्या सुमारास दोन वेगांचा एक हब काढला. हब म्हणजे आपल्या बैलगाडीच्या भाषेत चाकाचा तुंबा. परंतु ज्या कंपनीशी त्याने करार केला, तिने त्याचे पुढील शोधही आपल्याकडे बांधून घेतले होते. पुढे त्यास तीन वेगांचा हब सुचला, तेव्हा त्याचे पेटंट जेम्स आर्चर ह्या सहकाऱ्याच्या नावे घ्यावे लागले. तिकडे हेन्री स्टर्मी नावाच्या पत्रकारानेही असाच एक हब योजिला होता. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याचा मालक फ्रँक बाउडन हा धूर्त गृहस्थ; त्याने दोन्ही पेटंटे पदरात पाडून घेतली आणि 1903 साली स्वतंत्र कंपनी उभी केली. बाजारात आलेला हब मुख्यतः रायलीच्या योजनेचा होता. त्यावर नावे मात्र कोरली गेली ती स्टर्मी आणि आर्चर ह्यांची. कराराची शाई शोधकाच्या नावावर कशी सांडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

ह्या हबच्या पोटात असते तरी काय? 1936 साली निघालेला आणि पुढे लाखोंनी खपलेला ‘ए डब्ल्यू’ हा नमुना घेऊ. न फिरणाऱ्या आसावर 20 दात्यांचे एक चक्र पक्के बसविलेले असते, तो सूर्य. त्यास लागून 20 दात्यांचीच चार चक्रे त्याच्याभोवती फिरतात, ते ग्रह. ग्रहांस बाहेरून वेढणाऱ्या कड्याच्या आतील अंगास 60 दाते. साखळीचा जोर कड्यास दिला आणि ग्रहांच्या चौकटीकडून चाक फिरवून घेतले, तर कड्याच्या एका फेऱ्यात चाक पाऊणच फेरा घेते: चढ सोपा होतो. जोर चौकटीस देऊन चाक कड्याकडून फिरविले, तर एका फेऱ्यास चाकाचे एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे होतात. मधल्या वेगात दोन्ही बरोबरीने फिरतात. आपल्या 68 इंचांचे अशा रीतीने 51 आणि 91 होतात, आणि हे सर्व हँडलावरील एका खटक्याने, साखळी जागची न हलता.

वर्तुळाच्या परिघावर फिरणारे वर्तुळ ही कल्पना आम्हांस परकी नाही. नीचोच्चवृत्ताने ग्रहगती मोजणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख 1207 सालचा आहे. एवढ्यावरून सायकलीचा हबही आमचाच, असे म्हणणाऱ्यांपैकी मात्र प्रस्तुत लेखक नव्हे.

वेग बदलण्याची दुसरी रीत आता अधिक परिचित आहे. मागच्या चाकावर लहानमोठी अनेक चक्रे, आणि साखळी एकीवरून दुसरीवर ढकलणारी कळ. हिलाच डिरेलर म्हणतात. ती फ्रान्समध्ये वाढली, पण तिलाही मान लवकर मिळाला नाही. टूर द फ्रान्स ह्या प्रसिद्ध शर्यतीचा प्रवर्तक हेन्री देग्रांज याचे मत असे की, वेग बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे. (ती उलटून बरीच वर्षे झालेल्या प्रस्तुत लेखकास हे मत अगदीच अमान्य नाही.) 1937 साली त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली आणि तेथून तिचा दबदबा वाढत गेला. ती हलकी आहे, वेगांची संख्या तीत पुष्कळ मिळते, आणि स्वच्छ असता तीत शक्तीही थोडीच वाया जाते. पण ‘स्वच्छ असता’ हे दोन शब्द मोठे आहेत. निफाड तालुक्याच्या काळ्या मातीतून आषाढात सायकल नेऊन पाहावी. उघड्यावरची ती नाजूक कळ चिखलाने केव्हाच भरून जाते. हबचे दाते तेलात, बंद डब्यात असतात. शिवाय सायकल उभी असतानाही वेग बदलता येतो, जे डिरेलरला साधत नाही. गर्दीच्या बाजारात थांबत-थांबत जाणाऱ्यास हा लाभ लहान नव्हे.

असे असता तो हब आपल्याकडे का रुजला नाही? संबंध नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना निघाला तो रॅलेच्याच सहकार्याने. मद्रासजवळ 1949 साली जी टी. आय. सायकल कंपनी निघाली, तिची इंग्लंडातील भागीदार ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स. आणि 1960 साली ह्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने रॅले, व तिच्यासह स्टर्मी-आर्चर, आपल्या ताब्यात घेतली. म्हणजे हब बनविणारे आणि आपली सायकल बनविणारे एका कुळातले झाले. तरी आपली काळी सायकल एकाच वेगाची राहिली.

लोक अज्ञानी होते, हे ह्यावरचे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. सायकल ही येथे हौसेची नव्हे, पोटाची वस्तू होती. ती स्वस्त हवी, दोन मणांचे ओझे सोसणारी हवी, आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीस पाना व हातोडी एवढ्यावर दुरुस्त करता आली पाहिजे. हबमधील बारीक खिट्ट्या आणि स्प्रिंगा त्याच्या हत्यारांस दाद देत्या ना, आणि तुटलेला भाग गावात मिळता ना. कारखानदारांनी हे ओळखले. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबरच होता. चढावर उतरून चालणाऱ्याचे श्रम मात्र त्या हिशेबात कोठेच धरलेले नव्हते, कारण ते श्रम फुकट होते. तरण्या गड्याने ते काढले. बायका आणि वयस्क माणसे ह्यांच्या वाट्यास बहुधा सायकल आलीच नाही. तीन वेगांच्या हबचा खरा उपयोग ज्यांना झाला असता, ते तेच.

आता गिअरच्या सायकली नाशिक जिल्ह्यातही पुष्कळ दिसतात. त्या बहुतेक डिरेलरच्या, आणि व्यायामासाठी पहाटे निघणाऱ्यांच्या. ओझेवाला मोटारसायकलीकडे वळला. जर्मनीतील रोलॉफ कंपनीने 1998 साली एकाच हबमध्ये चौदा वेग बसवून दाखविले; त्याची किंमत ऐकून मात्र सामान्य माणसाने नमस्कारच करावा. नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर कारखाना 2000 साली बंद पडला. तिचे नाव व यंत्रसामग्री तैवानच्या सनरेस कंपनीने घेतली, आणि तीन वेगांचे हब आता तिकडे तयार होतात.