परवलीचा शब्द

घरगुती वस्तूंना वाचा फुटल्याचा इतिहास एका शीतपेयाच्या यंत्रापासून सुरू होतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात ते होते. तिथवर चालत जावे आणि यंत्र रिकामे असावे, किंवा बाटली कोमट निघावी, हे नित्याचे झाले, तेव्हा तेथील मंडळींनी १९८२च्या सुमारास ते संगणकाला जोडले. बाटल्या आहेत काय, आणि थंड झाल्या आहेत काय, हे जागेवरूनच कळू लागले. १९९१मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा बसविला. १९९३पासून ते भांडे साऱ्या जगाला दिसू लागले. २००१मध्ये तो कॅमेरा बंद झाला.

या दोन्ही प्रसंगी पाहणारा माणूस होता आणि पाहिली जात होती ती वस्तू. १९९९मध्ये केव्हिन ॲश्टन यांनी 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव रूढ केले. पुढे उपकरणे स्वस्त झाली, आणि दारावरचा कॅमेरा, दूरचित्रवाणी संच, विजेचा दिवादेखील या जाळ्यात आला. आता वस्तू घराकडे पाहते आणि पाहिलेले दूर कोठे तरी कळविते.

श्रोतेहो, अशा घराचे रक्षण एका परवलीच्या शब्दावर असते. रात्रीच्या पहाऱ्यावर आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्याची ही जुनी खूण. ती सर्वांना ठाऊक झाली की पहारा असून नसल्यासारखाच. कारखान्यांनी मात्र हजारो उपकरणांना एकच शब्द देऊन ती विकली. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या आज्ञावलीने असे साठेक ठरावीक शब्द लावून पाहिले आणि असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या एकवटलेल्या माऱ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दुर्लभ झाली. आपला कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे, याची त्याच्या मालकाला वार्ताही नव्हती.

ऑगस्ट २०२१मध्ये भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने मार्गदर्शक संहिता काढली. सर्व उपकरणांना एकच शब्द नसावा, हे तिचे पहिले सूत्र. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून तसा कायदाच अमलात आणला. शासनाने नियम करावेत, कारखानदाराने ते पाळावेत, हे योग्यच. परंतु नवी वस्तू घरात आणताना तिचा परवलीचा शब्द बदलण्याचे काम गृहस्थाचेच आहे. शेजाऱ्याची सुरक्षितताही त्यावर अवलंबून आहे.