क्लासिक अमेरिकन गाडीसाठी नवा कार्ब्युरेटर कसा निवडायचा? सीएफएम म्हणजे नक्की काय?

मोबाईल घेताना फक्त मेगापिक्सेल बघून कॅमेरा निवडू नये, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत मात्र असाच एक गैरसमज अजून जोरात आहे: कार्ब्युरेटर जितका मोठा, तितकी गाडी जास्त पळणार. खरं तर गरजेपेक्षा मोठा कार्ब्युरेटर बसवला की पिकअप मार खातो आणि पेट्रोल जास्त जळतं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो. त्याच्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे, २८९ घन इंची व्ही-८ इंजिनवाली. तिच्यासाठी कार्ब्युरेटर शोधताना मी मुद्द्यांची एक यादी बनवली होती. आजच्या लेखात तीच यादी सोप्या भाषेत बघूया.

कार्ब्युरेटर काय काम करतो?

इंजिनाला हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून देणं हे त्याचं काम. पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिन हवा आत ओढतं, ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्या दाबाच्या फरकामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढलं जातं. या छिद्राच्या भागाला जेट म्हणतात. यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीची बाइक घरी असेल, तर थंडीत चोक ओढून ती चालू करणं तुम्हाला माहीत असेलच. तत्त्व तेच, फक्त व्ही-८ साठी आकार मोठा.

आधी हे तपासा: दोष कार्ब्युरेटरचाच आहे का?

गाडी मिसिंग मारते म्हणून लगेच नवीन पार्ट मागवू नका. इग्निशन टायमिंग, स्पार्क प्लग, फ्युएल फिल्टर, पेट्रोल पंपाचा दाब आणि फाटलेल्या व्हॅक्यूम नळ्या आधी बघा. यापैकी काहीही बिघडलं तरी लक्षणं कार्ब्युरेटर खराब झाल्यासारखीच दिसतात.

कार्ब्युरेटरच खराब असेल, तरी जुना दुरुस्त करता येतो का ते बघा. गॅस्केट, फ्लोटची सुई, अॅक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा हे सगळं रिपेअर किटमध्ये मिळतं. पण थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात खडखड हलत असेल, तर तिथून जास्तीची हवा आत शिरते. ते काम किटने होत नाही, त्यासाठी बुश बसवून घ्यावे लागतात. बॉडीला तडा असेल तर मात्र बदलणं बरं.

कोणतं इंजिन आहे ते ओळखा

१९६५-६६ च्या मस्टँगच्या नंबरमध्ये पाचवं अक्षर इंजिन सांगतं. 'सी' म्हणजे २८९ इंजिन आणि दोन बॅरलचा कार्ब्युरेटर. 'ए' म्हणजे तेच इंजिन, पण चार बॅरल. 'के' म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन. बॅरल म्हणजे हवा आत जाण्याची नळी.

पण गाडी जवळपास ६० वर्षं जुनी आहे. मधल्या काळात कुणी इंजिन बदललेलंही असू शकतं. म्हणून बसवलेल्या कार्ब्युरेटरवरचे आकडेही बघा. फोर्डच्या ऑटोलाइट २१०० च्या बाजूला वर्तुळात १.०८ असा काहीतरी आकडा असतो. तो गळ्याचा व्यास, इंचांमध्ये. होली कंपनीच्या कार्ब्युरेटरवर वरच्या बाजूला, चोकजवळ, लिस्ट नंबर कोरलेला असतो. या सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

सीएफएम कसा काढायचा?

सीएफएम म्हणजे एका मिनिटात किती घनफूट हवा जाऊ शकते, तो आकडा. सूत्र असं आहे:

इंजिनाचे घन इंच × जास्तीत जास्त आरपीएम ÷ ३४५६

हे ३४५६ कुठून आलं? १ घनफुटात १७२८ घन इंच असतात. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमध्ये एकदाच पूर्ण हवा ओढतं. म्हणून १७२८ × २.

आता मस्टँगचं गणित करू. २८९ × ५५०० ÷ ३४५६ = जवळपास ४६०. रस्त्यावरचं साधं इंजिन दर वेळी पूर्ण श्वास घेत नाही, म्हणून ८५ टक्के धरा. उत्तर येतं ३९१. म्हणजे ४५० ते ५०० सीएफएमचा कार्ब्युरेटर या इंजिनाला भरपूर झाला. शेव्हर्लेच्या ३५० घन इंची इंजिनासाठी हेच गणित केलं, तर ५५७ आणि ८५ टक्क्यांनी ४७३ येतात.

मोठा घेतला तर काय बिघडतं? गळा रुंद झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, दाबातला फरक कमी होतो आणि पेट्रोल नीट ओढलं जात नाही. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला की गाडी क्षणभर अडखळते.

एक मेख लक्षात ठेवा. दोन बॅरलचे कार्ब्युरेटर ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकाला मोजतात आणि चार बॅरलचे १.५ इंचाला. त्यामुळे आकडे थेट तोलता येत नाहीत. दोन बॅरलच्या आकड्याला १.४१ ने भागा. ५०० लिहिलेला दोन बॅरलवाला चार बॅरलच्या मापात साधारण ३५४ चा निघतो.

व्हॅक्यूम की मेकॅनिकल सेकंडरी?

चार बॅरलमध्ये पुढच्या दोन नळ्या रोजच्या चालवण्यासाठी असतात, मागच्या दोन जोर लागला की उघडतात. मागच्या नळ्या व्हॅक्यूमने उघडत असतील, तर इंजिनाला गरज पडेल तेवढ्याच उघडतात. ऑटोमॅटिक गिअर आणि रोजची गाडी असेल, तर हाच प्रकार घ्या. होलीचा ६०० सीएफएमचा व्हॅक्यूमवाला कार्ब्युरेटर २८९ वर बसवला तरी चालून जातो, याचं कारण हेच. मेकॅनिकल प्रकारात त्या थेट पायाने उघडतात. तो हलक्या, मॅन्युअल गिअरच्या, रेसिंगकडे झुकणाऱ्या गाड्यांसाठी ठीक.

एडलब्रॉकचा १४०६ हा मॉडेलसुद्धा ६०० सीएफएमचा आहे, इलेक्ट्रिक चोकसह. त्याची रचना जुन्या कार्टर एएफबीवरून आली आहे. ज्याला सारखं उघडझाक करायचं नाही, त्याच्यासाठी तो सोयीचा.

बसेल का? हे मुद्दे तपासा

• खालची पट्टी: स्क्वेअर बोअरमध्ये चारही भोकं सारखी, स्प्रेड बोअरमध्ये पुढची लहान आणि मागची मोठी. रॉचेस्टर क्वाड्राजेट स्प्रेड बोअर आहे. दोन बॅरलवरून चार बॅरलवर जायचं, तर मॅनिफोल्डही बदलणं योग्य.

• गिअरबॉक्सची जोडणी: याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. फोर्डच्या सी-४ गिअरबॉक्सचा किकडाउन दांडा थ्रॉटलला जोडलेला असतो. जुन्या शेव्हर्लेत कुणी ७००-आर४ बसवला असेल, तर त्याची टीव्ही केबल आतल्या तेलाचा दाब ठरवते. तिचा कोन चुकला तर क्लच घसरून गिअरबॉक्स जळू शकतो. कार्ब्युरेटरपायी गिअरबॉक्सचं बिल येणं कुणालाच परवडणारं नाही.

• पेट्रोलचा दाब: ५ ते ६ पीएसआय पुरे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावू नका. जास्त दाबाने सुई बंद होत नाही, पेट्रोल बाहेर सांडतं, आणि खाली गरम इंजिन असतं. आग लागण्याचा धोका खरा आहे. पहिल्यांदा चालू करताना अग्निशामक जवळ ठेवा.

• इलेक्ट्रिक चोक: किल्ली फिरवल्यावरच चालू होणारे १२ व्होल्ट द्या. इग्निशन कॉइलवरून तार घेऊ नका.

• उंची: नवा कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर मिळून बॉनेटला लागत नाहीत ना, ते मोजा.

• इथेनॉल: अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाईप त्याने खराब होतात. कार्ब्युरेटरसोबत तेही बदला.

• कायदा: कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्या गाडीवर बाजारातला वेगळा पार्ट लावायचा, तर त्याला राज्याची मान्यता आहे का ते आधी बघा.

उंचावरच्या शहरात राहत असाल तर

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंच आहे. तिथली हवा विरळ, म्हणून तेच जेट ठेवले तर पेट्रोल जास्त जातं. अशा वेळी कार्ब्युरेटर तोच ठेवून लहान जेट बसवतात.

शेवटी काय घ्यायचं?

गाडी मूळ अवस्थेत ठेवायची असेल, तर जुना ऑटोलाइट दुरुस्त करून घ्या. रोज चालवायची असेल, तर सूत्राने आलेल्या आकड्याच्या जवळचा, व्हॅक्यूम सेकंडरी आणि इलेक्ट्रिक चोकवाला घ्या. दोन आकारांमध्ये अडकलात, तर माझं मत लहानाच्या बाजूने. लहान कार्ब्युरेटरमुळे अगदी वरच्या आरपीएमला थोडी ताकद कमी पडेल, पण तिथे तुम्ही क्वचितच जाता. मोठ्याचा त्रास प्रत्येक सिग्नलला होतो.

आणि जुना काढण्याआधी प्रत्येक नळी, तार आणि स्प्रिंगचा फोटो मोबाईलवर नक्की काढा. नवा बसवताना कोणती नळी कुठे होती, हे लक्षात राहत नाही.