रेडिओ-नियंत्रित प्रशिक्षण विमान

रेडिओ-नियंत्रित प्रशिक्षण विमान म्हणजे नवशिक्याने उड्डाण शिकण्यासाठी वापरावयाचे, जमिनीवरून रेडिओ लहरींच्या साहाय्याने चालविले जाणारे छोटे विमान होय. छंदिकांच्या बोलीत त्यास 'ट्रेनर' असे म्हणतात. स्थैर्य, कमी वेग आणि दुरुस्तीची सुलभता हे त्याचे तीन प्रमुख गुण होत. मात्र पहिल्या विमानाची निवड केवळ विमानाच्या गुणांवरून ठरत नाही; ते जेथे उडवावयाचे ती जमीन, तेथील वारा आणि आजूबाजूची वस्ती यांचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात निवडीच्या सर्वसाधारण निकषांबरोबर पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील परिस्थितीची माहिती दिली आहे. खोडद येथील रेडिओ दुर्बीण, डोंगराळ भूरचना आणि उसाच्या पट्ट्यातील बिबट्यांचा वावर यांमुळे या भागात काही जादा निकष लागू होतात.

इतिहास

आपोआप तोल सावरणाऱ्या प्रतिकृती विमानाची परंपरा फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनो याच्यापासून सुरू होते. त्याने १८७१ मध्ये पॅरिस येथे रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवून दाखविले. शेपटीची योग्य रचना आणि वर वळविलेली पंखांची टोके यांमुळे ते कोणी न हाताळताही स्थिर उडत असे. आजच्या प्रशिक्षण विमानांतही हेच तत्त्व वापरले जाते. रेडिओ लहरींनी दूरवरचे यंत्र चालविण्याचे प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एका छोट्या बोटीद्वारे केले. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी विजेच्या मोटारीवर चालणारे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. पुढे लिथियम-पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित मोटार यांचा प्रसार झाल्यावर इंधनावरील इंजिनांची जागा बहुतांशी विजेने घेतली आणि हा छंद सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला.

रचना व कार्य

विमान चालविणाऱ्याच्या हातातील प्रक्षेपक म्हणजे ट्रान्समीटर आणि विमानातील ग्राहक म्हणजे रिसीव्हर. ग्राहकाकडून आलेल्या संकेतांनुसार सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी विमानाचे हलते भाग फिरवितात. शेपटीवरील आडवा भाग, म्हणजे एलिव्हेटर, विमानाचे नाक वर-खाली करतो. उभा भाग, म्हणजे रडर, नाक डावीकडे-उजवीकडे वळवितो. पंखांच्या मागील कडेवरील एलेरॉन विमानास कलवितात. मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणास ईएससी म्हणतात.

स्वतंत्रपणे नियंत्रित होणाऱ्या प्रत्येक क्रियेस 'चॅनल' अशी संज्ञा आहे. तीन चॅनलच्या विमानात मोटार, एलिव्हेटर व रडर एवढेच असते. चौथ्या चॅनलने एलेरॉन जोडले जातात. हवेतील विमान चालकाकडे तोंड करून परत येऊ लागले की त्याची डावी-उजवी बाजू चालकाच्या दृष्टीने उलट होते. नवशिक्यांची बरीच विमाने याच क्षणी कोसळतात. अशा वेळी गोंधळलेल्या चालकाने हात सैल सोडले तरी विमान स्वतः सरळ व्हावे, ही प्रशिक्षण विमानाकडून असलेली मुख्य अपेक्षा होय.

निवडीचे निकष

पंखांची मांडणी : पंख धडाच्या वरच्या बाजूस असलेले विमान अधिक स्थिर असते. पंखांची टोके मुळापेक्षा किंचित उंच ठेवण्याच्या रचनेस डायहेड्रल म्हणतात. या रचनेमुळे एका बाजूस कललेले विमान आपोआप समतोल होऊ पाहते आणि केवळ रडरच्या साहाय्यानेही वळण घेऊ शकते.

आकार व भार : फार लहान विमान वाऱ्यात भरकटते आणि दुरून त्याचा कल ओळखता येत नाही. १ ते १.४ मीटर पंखविस्तार नवशिक्यास सोयीचा असतो. एकूण वजनापेक्षा पंखांच्या दर चौरस डेसिमीटरवर येणारे वजन अधिक महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, १२० सेंमी लांब व २० सेंमी रुंद पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. विमानाचे वजन ७०० ग्रॅम असल्यास हा भार सुमारे २९ ग्रॅम येतो आणि विमान ताशी अंदाजे २५ किमी वेगापर्यंत हवेत तरू शकते. वजन दुप्पट केल्यास हा किमान वेग ताशी सुमारे ३५ किमी होतो, म्हणजेच विचार करण्यास मिळणारा वेळ घटतो. पहिल्या विमानासाठी हा भार ३५ ग्रॅमच्या आत असणे हितावह.

साहित्य : बाल्सा लाकडाचे विमान हलके व देखणे असते, परंतु आपटल्यास त्याच्या दुरुस्तीस कौशल्य व वेळ लागतो. ईपीओ या लवचीक फोमची विमाने योग्य गोंदाने काही मिनिटांत जोडता येतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सनबोर्डपासून किंवा जाहिरातफलकांच्या पन्हळी प्लास्टिकच्या तक्त्यापासूनही विमान घरी बनविता येते. असे विमान मोडले तरी मोटार, सर्व्हो व ग्राहक सहसा शाबूत राहतात आणि नव्या धडात बसविता येतात.

मोटारीची जागा : नाकावरील पंखा आपटताना प्रथम मोडतो. मोटार पंखांच्या मागे असलेल्या, 'पुशर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानात ती बचावते. मात्र हाताने फेकताना मागील पंख्यापासून बोटे जपावी लागतात. सर्वसाधारण प्रशिक्षण विमानासाठी दर किलोग्रॅम वजनामागे १०० ते १५० वॅट शक्ती पुरेशी असते.

रेडिओ संच : २.४ गिगाहर्ट्झवरील संच आज सर्वमान्य आहेत. संपर्क तुटल्यास मोटार बंद करणारी 'फेलसेफ' सोय संचात असावी व ती प्रत्यक्ष तपासून घ्यावी. मोड १ व मोड २ यांत हातदांड्यांची कामे वेगळी असतात. शिकविणारी व्यक्ती जो मोड वापरते तोच शिकणाऱ्याने घ्यावा. चांगला रेडिओ संच पुढील अनेक विमानांना उपयोगी पडतो. त्यामुळे खर्चात काटकसर करावयाची असल्यास ती धडात करावी, रेडिओत करू नये.

बॅटरी : लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट व पूर्ण भारित दाब ४.२ व्होल्ट असतो. तो ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. बरेच दिवस वापर नसल्यास दर सेलला सुमारे ३.८ व्होल्ट ठेवून बॅटरी साठवितात. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जिंग चालू असताना तिच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटरी व फोमचे विमान ठेवू नये.

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती, जेटसदृश विमाने आणि धडाच्या खालच्या बाजूस पंख असलेली कसरती विमाने पहिल्या खरेदीत टाळावीत. ती वेगाने उतरतात व आपोआप तोल सावरत नाहीत. तोल सावरणारे विद्युत उपकरण, म्हणजे जायरो, असल्यास शिकणे सोपे होते. तथापि मुळात अस्थिर विमानाचा दोष झाकण्यासाठी त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

जुन्नर व आंबेगाव परिसर

जमीन : या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला असून पूर्वेकडे नारायणगाव, मंचर या बाजूंस सपाट बागायती जमीन आहे. धरणे व कालव्यांमुळे ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे ही पिके येथे मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. टोमॅटोच्या बांबू-तारांत किंवा द्राक्षाच्या मांडवात शिरलेले विमान सहसा मोडते आणि ते काढताना पिकाचे नुकसान होते. नांगरलेल्या रानातील ढेकळांत लहान चाके अडकतात. त्यामुळे या भागात चाके नसलेले, हाताने फेकून उडविता येणारे व पोटावर उतरणारे विमान अधिक सोयीचे ठरते. शाळेचे सुटीतील मोकळे मैदान, गायरान किंवा काढणी झालेले कांद्याचे रान या योग्य जागा होत. खासगी रान असल्यास मालकाची संमती आधी घ्यावी.

वारा : जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, हा काळ शिकण्यास प्रतिकूल आहे. हिवाळ्यात सकाळी हवा बहुधा शांत असते. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूस हवेत भोवरे निर्माण होतात, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी पहिले उड्डाण करू नये. ताशी १० ते १२ किमीपेक्षा अधिक वारा असल्यास नवशिक्याने थांबणे योग्य.

रेडिओ दुर्बीण : नारायणगावजवळील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. त्यांपैकी १४ ॲन्टेना मध्यवर्ती चौकात असून उर्वरित ॲन्टेना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर सुमारे २५ किमीच्या परिसरात पसरल्या आहेत. ही दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अतिशय क्षीण लहरी टिपते. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट तुलनेने कमी असणे हे या जागेच्या निवडीचे एक कारण होते.

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे २४०० मेगाहर्ट्झ. तो या पट्ट्याबाहेर आहे. मात्र दूर पल्ल्यासाठी विकले जाणारे ४३३ मेगाहर्ट्झचे संच आणि विमानातील कॅमेऱ्याचे चित्र पाठविणारे १.२ ते १.३ गिगाहर्ट्झचे प्रक्षेपक नेमके या पट्ट्यात येतात. हवेत उंचावर गेलेल्या प्रक्षेपकास टेकड्यांचा आडोसा उरत नाही. त्यामुळे त्याच्या लहरी जमिनीवरील प्रक्षेपकापेक्षा दूरवर पोहोचतात आणि निरीक्षणात व्यत्यय आणू शकतात. या परिसरात असे संच घेऊ नयेत. मोटार व ईएससी यांपासूनही थोडा विद्युत गोंगाट निर्माण होत असल्याने २.४ गिगाहर्ट्झचे विमानदेखील ॲन्टेनांपासून दूरच उडवावे. दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनात शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपले प्रकल्प मांडतात. तेथे विमानाची प्रतिकृती मांडावयाची असल्यास ती चालू न करता दाखविणे योग्य ठरते.

बिबट्यांचा वावर : जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. येथील उसाच्या शेतांत बिबटे राहतात व तेथेच पिलांना जन्म देतात. माणसांवरील हल्ल्यांच्या घटनाही घडल्या आहेत. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. हवा सर्वांत शांत असते ती पहाटे व संध्याकाळी, आणि बिबट्यांची हालचालही त्याच वेळी अधिक असते. त्यामुळे चांगले उजाडल्यानंतरच उड्डाण सुरू करावे व सूर्यास्तापूर्वी पुरेसा वेळ ठेवून थांबवावे. विमान उसात पडल्यास मुलांनी एकट्याने ते शोधण्यास जाऊ नये. शेतमालकास सांगून, मोठ्या माणसांसह, भर उजेडात व आवाज करीत जावे. वाकून किंवा बसून शोधू नये. मैदान निवडतानाच ते उसापासून दूर असल्याची खात्री करणे उत्तम.

शेततळी व वीजवाहिन्या : प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचे काठ निसरडे असतात व आत घसरलेल्या व्यक्तीस सहजासहजी बाहेर पडता येत नाही. शेततळ्यात वा विहिरीत पडलेल्या विमानासाठी पाण्यात उतरू नये. कृषिपंपांच्या वीजवाहिन्यांवर अडकलेले विमान काठीने काढण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो. महावितरणच्या कर्मचाऱ्यांना कळविणे हाच मार्ग होय. गेलेले विमान पुन्हा बनविता येते, याची जाणीव शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशी करून देणे आवश्यक आहे. स्वस्त, घरी दुरुस्त होणारे विमान निवडण्याचे हेही एक कारण आहे, कारण महागड्या विमानासाठी जिवावर उदार होण्याचा मोह अधिक होतो.

कायदेशीर बाबी

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. मानवरहित विमानांचे वजनानुसार नॅनो म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत, मायक्रो म्हणजे २ किलोग्रॅमपर्यंत, स्मॉल म्हणजे २५ किलोग्रॅमपर्यंत आणि त्यापुढील मध्यम व मोठे असे वर्ग केले आहेत. वर उल्लेखिलेले ७०० ग्रॅमचे विमान मायक्रो वर्गात बसते. हवाई क्षेत्राची हिरवा, पिवळा व लाल अशी विभागणी 'डिजिटल स्काय' या शासकीय संकेतस्थळावरील नकाशात दिलेली असते. उड्डाणापूर्वी तो नकाशा व त्या वेळी लागू असलेले नियम पाहणे ही चालकाची जबाबदारी आहे. हिरव्या क्षेत्रातही उंचीची सर्वसाधारण मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, आहे. शिवनेरी किल्ला हे संरक्षित स्मारक असून आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकर अभयारण्य आहे. अशा ठिकाणी संबंधित खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विमान उडवू नये.

शिक्षणाचा क्रम

पहिल्या उड्डाणापूर्वी संगणकावरील सिम्युलेटरवर काही तास सराव केल्यास दिशाभ्रमाची अडचण बरीच कमी होते. विमान उडविण्यापूर्वी त्याचा गुरुत्वमध्य तपासावा. तो साधारणतः पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर असावा, म्हणजे २० सेंमी रुंद पंखात ५ ते ६.६ सेंमीवर. त्यानंतर हलत्या भागांच्या दिशा व रेडिओचा पल्ला पाहावा. पहिली उड्डाणे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फेकून करावीत आणि पुरेशी उंची गाठल्यावरच वळणांचा सराव करावा. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती विमाने बनविणे व उडविणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. अशी शाखा असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तेथे मार्गदर्शन मिळू शकते.

हेही पाहा

जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण
गोविंद स्वरूप
राष्ट्रीय छात्र सेना
ग्लायडर
बिबट्या