बॅरिस्टरच्या हातची चप्पल

दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवरून १९११ साली गांधीजींनी आपल्या एका आप्तास पत्र धाडले. सध्या बहुतेक वेळ चपला करण्यात जातो, काम आवडते आणि ते आवश्यकही आहे, पंधराएक जोड तयार झाले आहेत, असा त्यातील मजकुराचा आशय होता. पुढे एक सूचनाही होती. नवी चप्पल हवी असल्यास पायाचे माप पाठवावे आणि मापावर पट्टा बसवावयाच्या जागी, म्हणजे अंगठ्याच्या व करंगळीच्या बाहेरच्या अंगास, खुणा कराव्यात. लढ्याच्या धामधुमीत असलेल्या एका बॅरिस्टराने पत्रातून असल्या खुणा मागवाव्यात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु चामड्याचे काम ज्याने केले आहे, त्यास त्यात नवल वाटणार नाही.

हा फार्म जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवर होता. हर्मन कॅलनबॅक या जर्मन ज्यू शिल्पज्ञाने सुमारे १,१०० एकरांची ही जमीन विकत घेऊन १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी विनामूल्य दिली. घरातील कर्ती माणसे तुरुंगात गेल्यावर मागे राहिलेल्या बायकामुलांचा निर्वाह काटकसरीने व्हावा, हा हेतू होता. नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, सफाई, सुतारकाम सारे आपल्याच हातांनी करावयाचे. त्यात पादत्राणांचाही प्रश्न आला.

नाताळ प्रांतात डर्बनच्या जवळ मारियानहिल येथे ट्रॅपिस्ट पंथाच्या जर्मन साधूंनी १८८२ साली मठ स्थापिला होता. हे साधू निरनिराळे हातउद्योग करीत आणि ते इतरांस शिकवीत. गांधीजींनी हा मठ १८९५ सालीच पाहिला होता आणि तेथील कष्टाळू शिस्तीची छाप त्यांच्या मनावर कायम राहिली होती. कॅलनबॅक तेथे गेले, चपला करावयास शिकून आले. त्यांच्यापासून गांधीजी शिकले आणि गांधीजींनी ही विद्या फार्मवरील तरुणांस दिली. तयार चपला मित्रमंडळींत विकल्याही जाऊ लागल्या. आपले कित्येक शिष्य या कामात आपल्यापुढे सहज निघून गेले, अशी कबुली गांधीजींनी पुढे मोकळेपणाने दिली आहे.

या कबुलीत शिष्यांचे कौतुक आहेच, पण चामड्याचा स्वभावही आहे. कापड उसवून पुन्हा शिवता येते. चामड्यास एकदा आरीने पडलेले भोक कायमचे असते आणि रापीने चुकीचा कापलेला तुकडा पुन्हा सांधून पूर्वीसारखा होत नाही. म्हणून या कामात पहिली शिकवण मापाची. आधी जाड कागदावर पायाची आकृती काढावी, त्यावर पट्ट्यांच्या खुणा कराव्यात, कागद पायाखाली घेऊन पाहावा आणि मगच चामड्यास हात लावावा. पट्ट्याची जागा थोडी पुढे गेली तर पाय घसरतो, थोडी मागे आली तर बोट चोळवटते. पत्रातील खुणांचा अर्थ हा होता. मराठीत निरर्थक उठाठेवीस ‘चांभारचौकशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या प्रश्नांवाचून चप्पल पायास बसत नाही, त्या प्रश्नांची भाषेने अशी थट्टा करावी, यावरून समाजाने त्या धंद्यास कोणती किंमत दिली होती हे उघड होते.

दुसरी शिकवण चामडे निवडण्याची. एकाच जनावराच्या कातड्याचे सर्व भाग सारख्या गुणाचे नसतात. पाठीचा भाग दाट व कमी ताणणारा, तो तळासाठी व पट्ट्यांसाठी घ्यावा. पोटाचा भाग सैल, तो भार सोसत नाही. पट्टे कण्याच्या दिशेने कापले म्हणजे लांबत नाहीत. कातडे कशाने कमावले आहे, हेही महत्त्वाचे. आपल्याकडील जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढीत, आतील मांस खरवडीत आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात ते मुरवीत. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंशी जखडून बसते, म्हणून ते कुजत नाही. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमचेच असते. ते मऊ व पाण्यास टिकाऊ खरे. परंतु ओले करून आकार द्यावा, कडा घासून गुळगुळीत कराव्यात, हे सालीच्या चामड्यासच उत्तम साधते. हौशी माणसाने प्रारंभ त्यानेच करावा.

तिसरी शिकवण हत्यारांची. फार हत्यारे लागत नाहीत. एक रापी, एक आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा आणि खाली लाकडी फळी एवढ्यावर काम भागते. मात्र रापीस धार हवी. बोथट रापी जोर मागते, आणि जोर केला की ती निसटून हातावर येते. दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया ओवून एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घालावा, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. ओले केलेले चामडे सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास ते कडक होऊन तडकते. कोल्हापुरी चपलेचे कारागीर तर पारंपरिक कामात खिळाही वापरीत नाहीत. चामड्याच्याच वादीने तळ शिवतात.

दक्षिण आफ्रिकेतील या उद्योगाचा एक जोड इतिहासात प्रसिद्ध झाला. जनरल स्मट्स यांच्या सरकारने गांधीजींस तुरुंगात घातले होते. तेथे तयार केलेला चपलांचा जोड गांधीजींनी पुढे त्यांनाच भेट दिला. १९१४ साली गांधीजींनी ती भूमी सोडली. १९३९ साली, त्यांच्या सत्तरीच्या निमित्ताने लिहिलेल्या लेखात, या चपला आपण अनेक उन्हाळे वापरल्या, पण त्या घालण्याची आपली योग्यता नाही, असे स्मट्स यांनी नमूद केले.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र विसरता येत नाही. समुद्र ओलांडला म्हणून १८८८ साली ज्याला जातीने बहिष्कृत केले, त्या मोढ वाण्याच्या मुलाने आपखुषीने रापी हाती घेतली. पण ज्यांच्या हाती ती जन्मानेच दिली गेली, त्यांना निवड नव्हती. मेलेले जनावर त्यांनी ओढावे, कातडे त्यांनी कमवावे, शेतकऱ्याची मोट व गावाची पादत्राणे त्यांनी शिवावीत आणि स्पर्शाचा विटाळही त्यांचाच मानला जावा, अशी व्यवस्था होती. गांधीजी १९३४ नंतर वर्ध्यास राहू लागले. तेथील नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर यांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे काम स्वतः चालविले. वरच्या वर्णाच्या माणसाने हे काम करणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. तथापि ती गोष्ट वाटावी, यातच रोगाची खूण होती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. कायद्याने दिलेला मान व्यवहारात उतरविणे हे काम अद्याप समाजाकडे आहे.

आज शहरातील सुशिक्षित तरुण-तरुणी हौसेने चामड्याचे बटवे आणि पट्टे शिवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांनी पुस्तके अवश्य वाचावीत. पण एखाद्या जुन्या कारागिराजवळ, त्याच्या कष्टाचे दाम देऊन, चार दिवस बसावे. तो रापी कशी धरतो, आरी कोणत्या कलाने घालतो, कोणते चामडे नुसत्या अंगठ्याने दाबून बाजूस सारतो, हे पाहावे. तो जे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे नीट द्यावीत. त्या चौकशीतूनच चप्पल पायास बसते.