रुंद चाके आणि घर्षणाचा नियम

घर्षण बल स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. लाकडी ठोकळा आधी आडवा आणि मग कडेवर ठेवून ताणकाट्याने ओढून दाखवतो. काटा दोन्ही वेळा जवळजवळ तेच माप दाखवतो. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, "मग शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके एवढी रुंद का असतात?" दिसायला बरी म्हणून, असे सांगून प्रश्न टाळता येईल. पण मग विद्यार्थ्याने पुस्तकावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधणे अधिक चांगले.

हा नियम लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत सापडतो. त्या वह्या दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्या. 1699 मध्ये गिय्योम आमोंताँ यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तो नव्याने मांडला : घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि क्षेत्रफळावर अवलंबून नसते. पुढे 1785 मध्ये कूलोम यांचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध झाले. विद्युतभाराचे एकक ज्यांच्या नावाने आहे तेच हे कूलोम. या सर्वांपुढे लाकूड, धातू आणि दोर होते. यंत्रे कशी चालतील, जहाजे पाण्यात कशी ढकलता येतील, हे त्यांचे प्रश्न होते. रबराला गंधक मिसळून तापवण्याची, म्हणजेच व्हल्कनीकरणाची कृती चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडली. म्हणजे आमोंताँ यांचा नियम टायरच्या रबरापेक्षा 140 वर्षांनी जुना आहे!

आता अमेरिकेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना ताकदवान इंजिने बसवून सरळ रेषेत पळवण्याचा छंद फोफावला. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. शर्यतीचे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर. 1964 मध्ये पाँटियॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली. 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांची लाट येथून उसळली. इंजिन दांडगे, पण टायर जेमतेम साडेसात इंच रुंदीचे. शिवाय जड इंजिन पुढे आणि जोर लावणारी चाके मागे. गाडी वेग घेते तेव्हा काही भार मागे सरकतो हे खरे, तरीही पॅडल दाबताच मागची चाके जागच्या जागी गरगर फिरत. ताकद होती, पण ती जमिनीपर्यंत पोचत नव्हती. म्हणून मालकांनी मागे रुंद चाके बसवायला सुरुवात केली.

येथे एक छोटे गणित वर्गात करून घ्यावे. गाडीचे सगळे वजन मागच्या चाकांवर आहे आणि घर्षणांक 1 आहे असे धरू. मग जास्तीत जास्त त्वरण गुरुत्वत्वरणाएवढे, म्हणजे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. या त्वरणाने 402 मीटर जायला सुमारे 9 सेकंद लागतील आणि शेवटी वेग ताशी 320 किलोमीटर असेल. इंजिन कितीही मोठे असो, ही मर्यादा ओलांडता येऊ नये. प्रत्यक्षात 1964 मध्ये डॉन गार्लिट्स यांनी खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीतून ताशी सुमारे 324 किलोमीटर गाठले. 1975 मध्ये त्यांनी हेच अंतर 5.63 सेकंदांत कापले. त्यात मागच्या पंखावरील हवेच्या दाबाचाही वाटा होता. पण घर्षणांक 1 च्या वर जाऊ शकत नाही, हा समज टिकणारा नव्हता हे उघड आहे.

मग नियम खोटा की काय? केंब्रिजचे बोडन आणि टेबर यांच्या 1950 च्या ग्रंथात याचा खुलासा सापडतो. कोणताही पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो. दोन वस्तू एकमेकींना फक्त काही उंचवट्यांवर टेकतात. धातूंमध्ये हे उंचवटे भाराखाली चेपतात आणि खरे स्पर्शक्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. ठोकळा आडवा असो वा कडेवर, भार तोच, म्हणून खरे स्पर्शक्षेत्रही तेवढेच. आमोंताँ यांच्या नियमामागचे रहस्य हे आहे. रबर मात्र लवचीक असते. भार दुप्पट केला तरी त्याचे खरे स्पर्शक्षेत्र दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून दाब वाढला की रबराचा घर्षणांक घटतो. तोच भार अधिक जागेवर पसरला तर एकूण पकड वाढते.

येथे आणखी एक बारकावा आहे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने भार भागिले आतील हवेचा दाब एवढा असतो. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर हा भाग रुंद पण आखूड होतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. रुंद टायरचा खरा फायदा असा, की त्यात हवा कमी ठेवता येते आणि मऊ रबर वापरता येते, कारण झीज आणि उष्णता मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. या शर्यतींतील सर्वांत वेगवान गाड्यांच्या सुमारे 45 सेंटिमीटर रुंद टायरमध्ये हवेचा दाब अवघा 6 ते 8 पौंड असतो. आपल्या मोटारीत तो 30 च्या आसपास असतो.

रुंद चाकाची किंमतही मोजावी लागते. आतल्या बाजूला स्प्रिंग आणि सांगाडा, बाहेर मडगार्डची कड. चाक बाहेर काढावे तर बेअरिंगवर ताण वाढतो, आत घ्यावे तर सांगाडा कापून आखूड आस बसवावा लागतो. फक्त मागची पकड वाढल्याने वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ पाहते. ओल्या रस्त्यावर तर रुंद टायर पाण्याच्या थरावर लवकर तरंगू लागतो.

हे सारे वर्गात पडताळून पाहता येईल. ठोकळ्याच्या तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा आणि तो कोरड्या काचेवर ओढा. वर 200 ग्रॅमपासून एक किलोपर्यंत वजने वाढवत जा. प्रत्येक वेळी ओढण्याच्या बलाला एकूण भाराने भागा. मग रबर काढून लाकडी तळाने हेच करा. लाकडाचा भागाकार बहुधा स्थिर राहील, रबराचा भाराबरोबर उतरत जाईल. दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावावेत. निसर्गनियम आणि प्रयोगांतून बांधलेला कामचलाऊ नियम यांतला फरक त्यातून विद्यार्थ्यांना सहज उमगेल. आमोंताँ चुकले नव्हते, त्यांनी तपासलेल्या पदार्थांच्या यादीत रबर नव्हते, एवढेच. कोणताही नियम शिकवताना तो कशावर तपासला गेला, हेही सांगितले पाहिजे.